मुळं, मुलं आणि मंगळवार

दादाने परदेशातून ऑर्डर केलेलं ऑर्किड माझ्या वाढदिवसानंतर चार दिवसांनी आलं, आणि आलं तेच आजारी. खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण होता आणि तो बाण जमिनीकडे होता. आत चिठ्ठी होती, 'स्वतःची काळजी घे.' ती वाचून मला इतकं हसू आलं की मी तशीच फरशीवर बसले.

सकाळी सहा ते दोन मी डायलिसिसच्या वॉर्डात उभी असते. दिवसभराच्या मावशी अडीचला घरी जातात, आणि तिथून पुढे बाबा माझे. पक्षाघातात बाबांची उजवी बाजू गेली आणि सगळ्या शब्दांतला 'बरं' तेवढा उरला. भूक लागली तरी बरं, माझा राग आला तरी बरं. दादाने फुलांऐवजी दोन तासांची झोप पाठवली असती ना, तर मी त्याचे पाय धरले असते.

कुंडीतला ओला चिखल बाजूला केला तर भपकन वास आला. मुळं दाबली की नुसती सालच हातात यायची. दांडीवर मात्र चार कळ्या होत्या, टपोऱ्या. मी एका हाताने बाबांना सूप भरवत होते आणि दुसऱ्या हाताने फोन धरला होता. खोक्यावरचा नंबर 'नर्सरी' म्हणून सेव्ह केलेला, त्यावर तक्रार टाकली. माझ्या फोनवर 'ळ' कुठे असतो ते मला कधी सापडलेलं नाही, आणि त्या दिवशी शोधायचं त्राण नव्हतं.

'पार्सल आलं. मुलं सारी सडली आहेत. वास मारतोय. फक्त दोन जिवंत आहेत. काय ते आजच सांगा, नाहीतर कचऱ्यात टाकते.'

दोन मिनिटांत फोन वाजला. पुरुषाचा आवाज, जरा कापरा.

"हॅलो... तुम्ही आत्ता जो मेसेज केलात—"

"हो. काय करणार आहात तुम्ही त्याचं?"

"आधी तुम्ही शांत व्हा. मुलं... एकूण किती होती?"

"पंधरा-वीस तरी असतील. तुमच्याच पॅकिंगमध्ये गुदमरली."

पलीकडे धप्पकन काहीतरी पडलं. "अहो बाई," तो कसाबसा म्हणाला, "ही शाळा आहे. बालवाडी."

मी फोन कानावरून काढून बघितला. फोनमध्ये दोन 'नर्सरी' होत्या. दादा परदेशी जायच्या आधी त्याची लेक चिमणी जिथे जायची, ती दुसरी. मग मी माझाच मेसेज पुन्हा वाचला आणि माझे कान तापले.

"मुळं!" मी ओरडले. "मुळं हो... ऑर्किडची!"

मग तो हसला, अगदी जीव भांड्यात पडल्यासारखा. "मी पोलिसांचा नंबर काढून बसलो होतो. 'ळ' कुठे गेला तुमचा?"

"दमून झोपला असेल. आमच्याकडे सगळेच दमलेत."

मला वाटलं, आता ठेवेल. पण तिकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "थांबा... हा नंबर इथे आहे, तुम्ही चिमणीची आत्या ना? मी चित्रकलेचा. फाटकाशी असायचो."

मला तो आठवला. हातभर खडूची पूड घेऊन उभा असायचा. मुलं त्याला खडू सर म्हणायची, आणि घाईत म्हणताना शेवटचं अक्षर खायची.

"खडूस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तोच. आहे की नाही, ते त्या जिवंत दोघांना विचारून सांगतो. मंगळवारी येऊ?"

मंगळवारी चारला तो आला. सोबत झाडाच्या सालीचे तुकडे, दालचिनीची पूड आणि मुलांची बोथट कात्री, जिने कागदही धड कापला जात नाही.

"हिने मुळं कापणार?"

"शाळेत धारदार काही ठेवू देत नाहीत."

मी माझी कात्री उकळून आणली. तो मुळं धरत होता, मी कापत होते. कुजलेलं निघालं, बुरशी लागू नये म्हणून काप दालचिनीने माखले, दोन हिरवी मुळं उरली. बाबा व्हीलचेअरमधून बघत होते. तो त्यांना प्रत्येक गोष्ट विचारायचा, "हे ठेवू का काका?" आणि बाबा म्हणायचे, "बरं." घरात कुणी बाबांना काही विचारून करतंय, हे मी दोन वर्षांनी बघत होते.

"आता दांडी," तो म्हणाला.

"कळ्या आहेत तिला!"

"म्हणूनच. मी वाचून आलोय. मुळं नसली तरी झाड फुलायचं सोडत नाही, अंगातलं होतं नव्हतं ते फुलांना देतं, आणि मग..."

त्याने वाक्य सोडून दिलं. माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर कुंडीकडे नेली. मी दांडी कापली. मग सिंकपाशी जाऊन भांडी घासायला लागले, कारण मला रडू येत होतं आणि अनोळखी माणसापुढे रडायला मी काही मोकळी नव्हते.

खऱ्या नर्सरीने तक्रारीला उत्तर दिलंच नाही. खोट्या नर्सरीतला मात्र दर मंगळवारी यायला लागला. चारला बेल वाजायची. तो ऑर्किडचं पान निरखायचा, मान हलवायचा, मग बाबांच्या डाव्या हातात खडू द्यायचा. पाटीवर रेघा ओढताना बाबा घोटून घोटून 'बरं' म्हणायचे. तिसऱ्या मंगळवारी तो म्हणाला, "तुम्ही जरा आडव्या व्हा. आम्ही दोघं आहोत."

"पाहुणा घरात असताना झोपायचं?"

"मी कुठे पाहुणा? मी झाडाचा डॉक्टर."

मी फक्त पाठ टेकायला गेले आणि सव्वादोन तास झोपले. उठले तेव्हा बाबांना दूध देऊन झालं होतं, कप विसळून पालथा घातला होता. त्या पालथ्या कपाकडे बघत मी स्वयंपाकघरात कितीतरी वेळ उभी राहिले. मला हा माणूस हवा होता. आणि त्याची मला भीती वाटत होती, कारण आणखी एक काही जगवायचं म्हटलं की माझे हात गळून जायचे.

मग एका रविवारी मी ऑर्किडचं पान पुसायला गेले, आणि ते अलगद हातात आलं. खाली बुंधा काळा, मऊ. दोन्ही मुळं गेलेली.

मी पान हातात घेऊन बसले. एखादं झाड मेलं तर एवढं काय... पण झाड नाही तर डॉक्टर कशाला येईल? वॉर्डात मी माणसांना खरं तेच सांगते, कितीही कडू असो. आणि इथे मी ते पान सालीच्या तुकड्यांत खोचलं, कुंडी खिडकीच्या पार कोपऱ्यात सरकवली आणि मंगळवारची वाट बघायला लागले.

मंगळवारी त्याने निरखलं. "आज जरा तजेला वाटतोय," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं. लाजेने माझी मान वर होईना.

त्याच्या पुढच्या मंगळवारी "तब्येत सुधारतेय." त्याच्याही पुढच्या मंगळवारी पान कडेने तपकिरी पडलेलं, तरी "रंग चढतोय हळूहळू." मला हसावं की रडावं कळेना. वाटलं, बिचाऱ्याला झाडांतलं ओ की ठो कळत नाही.

चौथ्या मंगळवारी वॉर्डात एक आजोबा गेले. तीन वर्षं माझ्याच मशिनवर होते. घरी आले तेव्हा माझ्यात खोटं बोलण्याइतकीही शक्ती नव्हती. बाबा झोपले होते. चारला तो आला, खिडकीशी गेला आणि म्हणाला, "वा, आज तर—"

"मेलंय ते," मी म्हटलं. "महिना होत आला. मी पान नुसतं खोचून ठेवलंय. तुम्हाला फसवलं. आता ओरडा, जा, काय करायचं ते करा."

तो वळला नाही. बोटाने पान नीट करत म्हणाला, "उलटं खोचलंय."

"काय?"

"पान. पाठ वर आहे. मला पहिल्याच मंगळवारी दिसलं."

"मग... तजेला? रंग?"

"मग काय म्हणू?" आता तो वळला, आणि त्याचे कान लाल झाले होते. "मेलं म्हटलं असतं तर तुम्ही आभार मानून दार लावलं असतंत. म्हणून मी रोज... म्हणजे दर मंगळवारी, खोटं बोलत होतो. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता."

"माझ्यात काही नाही उरलेलं," मी म्हटलं. "आणखी कुणाचं करायची ताकद नाही माझ्यात. खरं सांगते."

"मी करून घ्यायला येतच नाही. मला चहा येतो, भात येतो, काकांना उठवून बसवता येतं. मला फक्त तुम्ही आत झोपलेल्या असलात की बाहेर बसायला आवडतं."

मग त्याने कुंडी उचलली, साल कागदावर ओतली, काळा बुंधा गुंडाळला आणि कुंडी धुऊन ओट्यावर ठेवली. चपला घालताना म्हणाला, "आता झाड नाही. पुढच्या वेळी काय कारण सांगून येऊ?"

"काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "आणि मंगळवारचीही वाट बघायची नाही."

तो दाराशी थांबला. मी 'या' म्हणणार होते, ओठांवर तेच होतं.

"उद्या ये," मी म्हटलं.