सहाशे एक्केचाळिसावी चाचणी

शुद्धीकरण केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ती सलग तिसऱ्या दिवशी येऊन बसली. खोली लहान, बिनखिडकीची. भिंतीपलीकडे पंपांची घरघर, हवेत क्लोरीनचा उग्र वास. पाण्यात किती क्लोरीन सोडायचं हे ठरवणारा जुना कॉम्प्युटर शेवटचे आचके देत होता आणि त्याचं काम नव्या यंत्रावर न्यायला तिला बोलावलं होतं. नव्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम भरवशाची, पण साऱ्या जगात शे-दोनशे लोकच वापरत असतील. जुना प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता ती भाषा या सिस्टिमसाठी तयार मिळतच नव्हती. त्या भाषेचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, आणून ती भाषा इथंच बांधून काढायची, म्हणजेच बिल्ड करायची, एवढाच मार्ग उरला होता.

दोन दिवस चुकांनी तिचा घाम काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी बिल्ड एकदाचं पार पडलं. मग चाचण्या. अमुक बेरीज, अपेक्षित चार, आढळले चार, पास. अशा एकूण सहाशे चाळीस. सगळ्या पास झाल्याशिवाय यंत्र ताब्यात घ्यायचं नाही, असा केंद्राचा नियम होता.

सहाशे चाळीस पास झाल्या आणि खाली आणखी एक ओळ उमटली.

‘रूम. अपेक्षित एक, आढळले दोन. नापास.’

रूम म्हणजे मेमरीतली जागा असणार, असं समजून तिने ती चाचणी सोर्समध्ये शोधली. सापडली नाही. सगळं पुसून तिने पहिल्यापासून बिल्ड केलं. चाळीस मिनिटांनी पुन्हा तीच ओळ.

एवढ्यात पंप ऑपरेटर काका डोकावले. काम कुठवर आलंय म्हणून विचारत शेजारची खुर्ची ओढून बसले. त्यांना दाखवायला तिने चाचण्या पुन्हा चालवल्या.

‘रूम. अपेक्षित दोन, आढळले तीन.’

काका हसले. आमच्या हजेरीबुकात तर माणसं कमीच भरतात, जास्तीची कधी नाहीत, म्हणाले. ती हसली नाही. तिने त्यांना जरा बाहेर उभं राहायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

अपेक्षित एक, आढळले दोन.

तिने त्यांना आत बोलावलं. अपेक्षित दोन, आढळले तीन.

तिने नेटवर्कची केबल उपसली. यंत्राला कॅमेरा नव्हता, माइक नव्हता. खोलीत कोण आहे हे त्याला कळायचं काही साधनच नव्हतं.

“काका, या खोलीत पूर्वी काही झालं होतं का?”

“छे हो मॅडम. दोन वर्षांपूर्वी बांधलेली खोली. काहीच झालेलं नाही.”

काहीतरी झालं होतं असं ते म्हणाले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

तिने पुन्हा एंटर दाबलं. चाचण्या एकेक करून सरकत गेल्या. तिच्या मानेवर गार वाटलं. एसीचा झोत समोरून येत होता.

तिला मागे वळून बघवेना. काका तिच्याकडेच तोंड करून बसले होते, पण त्यांनीही नजर उचलली नाही. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही घरी जा आता.”

जायलाच हवं होतं. सिस्टिम एकदा बंद करून चालू करा, ही एक ओळ टाईप करा, काय येतं ते फोनवर कळवा, असं कागदावर लिहून देऊन ती निघाली. बाहेर लख्ख ऊन होतं. बसमध्ये माणसं होती, गडबड होती. दोन थांबे गेल्यावर तिचा श्वास ताळ्यावर आला.

ती घराच्या जिन्यात असताना फोन वाजला.

“मॅडम, झालं की हो,” काकांचा आवाज अगदी मोकळा होता. “खोलीत मी एकटाच आहे. अपेक्षित एक, आढळले एक. सगळं पास.”

ती पायरीवर थबकली. “परत चालवून बघा.”

“तीनदा चालवलं. आता काही भानगड नाही. निवांत झोपा.”

घरी ती आणि तिची आई, दोघीच असत. बेल वाजवण्याआधीच आईने दार उघडलं. ती चपला काढून आत आली.

आईने मात्र दार लावलं नाही. कोणाला वाट द्यावी तशी ती भिंतीला सरकून उभी राहिली, क्षणभर थांबली आणि मगच कडी घातली.