शेजारच्या लेनवरच्या पाच चकत्या

रस्त्यात मेंढ्या आल्या नसत्या, तर तो पोरगा थेट सुनिव्हाच्या अंगावरच येऊन आदळला असता.

सप्टेंबरचा पाऊस होता... बारीक, चिवट, सकाळपासून न थांबलेला. स्काउगदालच्या खोऱ्यात बर्फ पडायला अजून बराच अवकाश होता, आणि तोवर स्कीवाल्या पोरांना डांबरी रस्ताच गोड मानून घ्यावा लागतो. सतरा वर्षांची सुनिव्हा चाकांच्या स्की घालून चढ चढत होती. वरून कुणाच्या तरी मेंढ्या डोंगर सोडून घरी निघाल्या होत्या, रस्ता अडवून, आरामात. आणि त्यांच्याही मागून, वळणावरून, एक लाल टोपी सुसाट सुटली होती. आता चाकांच्या स्कीला ब्रेक नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून त्या उतारावरून कुणी खाली येत नाही. हा आला.

"जरा बाजूला होता का?" तो मेंढ्यांना म्हणाला.

मेंढ्या कसल्या बाजूला होतात. शेवटी तोच बाजूला झाला — रस्त्याखालच्या ब्लूबेरीच्या झुडपांत.

सुनिव्हा काठावर येऊन वाकून बघायला लागली. "जिवंत आहेस का?"

"अजून नक्की ठरलं नाही," झुडपातून आवाज आला.

"शहरातला दिसतोस. बर्गेनचा."

"माझ्या बोलण्यावरून ओळखलंस?"

"नाही. मेंढ्यांची परवानगी मागितलीस त्यावरून."

तो हसला. कपाळावर ओलं पान, गालाला जांभळा डाग, आणि हसतोय असा, जणू घरी पाहुणी आलीये. सुनिव्हानं आपल्या काठीचं टोक खाली केलं आणि त्याला ओढून वर काढलं. वर आल्यावरही त्यानं काठी सोडली नाही. एक क्षण... दोन क्षण...

"काठी माझी आहे," ती म्हणाली.

"हो, हो. बघत होतो, चांगली आहे."

त्याचं नाव वेत्ले. आई गुरांची डॉक्टर, तिला या खोऱ्यात काम मिळालं आणि तिच्या मागोमाग हाही आला. बर्गेनला बर्फापेक्षा पाऊसच जास्त, त्यामुळे पायांत वेग बेताचाच. पण इथला खेळ नुसत्या स्कीचा नाही, मधे थांबून नेमबाजीही करायची असते, एकदा पालथं पडून, एकदा उभ्याने. आणि रायफल हातात आली की हा बडबड्या असा काही शांत व्हायचा की बघत राहावं. दुधाच्या रांगेत उभं राहावं तसा उभा राहायचा, आणि पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या चकत्या गोळी लागून एकामागून एक पांढऱ्या व्हायच्या.

सुनिव्हाचं नेमकं उलटं. स्कीवर ती वाऱ्यासारखी. पालथं पडून नेमबाजी, तीही झकास. पण उभ्याने मारायची वेळ आली की बोटाला काय व्हायचं देव जाणे. चकती समोर, श्वास रोखलेला, सगळं जागच्या जागी, आणि बोट मात्र रुसून बसलेलं. मग गुडघे थरथरायला लागायचे, आणि कशीबशी सुटलेली गोळी डोंगराच्या पोटात जायची.

बरं, प्रशिक्षक कोण, तर सख्खी मावशी. गुडरून मावशी म्हणजे मोजकं बोलणारं माणूस. बोलली की मात्र तो शब्द खाली पडू द्यायची नाही. सुनिव्हाची रायफल होती क्लबची, आणि क्लबमधली एक तेरा वर्षांची मुलगी त्या रायफलीसाठी केव्हाची ताटकळली होती. त्या शरदात मावशीनं सांगून टाकलं, "या मोसमात एका तरी शर्यतीत उभ्याने चार पाड. नाही जमलं तर वसंतात रायफल तिच्याकडे. तू नुसती स्की कर. पाय सोन्याचे आहेत तुझे."

नुसती स्की कर! धापा टाकत यायचं, काळीज कानात वाजत असताना त्याला दम धर म्हणायचं, आणि ते ऐकतं — त्या एका घटकेसाठी तर ती हे सगळं करत होती. रायफल गेली तर उरलं काय, नुसती पळापळ.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. शर्यतीमागून शर्यती झाल्या. उभ्याने कधी एक, कधी दोन, फार तर तीन. तीनच्या पुढे गाडी सरकेना.

फेब्रुवारीत मावशीनं मोसमाच्या शेवटच्या शर्यतीची जोडी लावली. एक मुलगी, एक मुलगा, आळीपाळीनं दोन-दोन पाळ्या. "सुनिव्हाचे पाय, वेत्लेचे डोळे," ती म्हणाली, आणि विषय संपला.

या जोडीच्या शर्यतीत पाळी बदलताना पुढच्याच्या अंगाला हात लावावा लागतो. लागला हात की तो सुटला. त्याचाही सराव करावा लागतो. वेत्ले आला आणि सुनिव्हाच्या पाठीला बोटांची टोकं टेकवून गेला.

"हे काय?" ती म्हणाली. "माझ्या पाठीवर माशी बसली होती का?"

"लागेल तुला म्हणून हळू लावला."

"मी काय चिनी मातीची आहे? ढकल चांगली."

दुसऱ्या खेपेला त्यानं पूर्ण तळवा टेकवला, दोन खांद्यांच्या मधोमध, आणि ढकललं. जाड सदरा, त्यावर रायफलीचे पट्टे, हातमोज्यातला हात... एवढ्या सगळ्यातून काही जाणवायला नको खरं तर. पण जाणवलं. पुढची अख्खी फेरी तिला ती जागा वेगळी ओळखू येत राहिली.

"ठीक होतं का?" परत आल्यावर त्यानं विचारलं.

"बरं होतं."

"नुसतं बरं? मग परत करू."

"तू ना..." ती म्हणाली, आणि टोपी कानांवर ओढून घेतली. कान लाल झाले होते, थंडी नव्हती तरी.

अशी त्यांची नेमानं चेष्टा चालायची. सराव संपला की क्लबच्या खोलीत वाफल आणि वर किसलेलं — छे, किसलेलं कुठलं, पातळ कापलेलं तपकिरी चीज. वाफलच्या पाच पाकळ्या असतात, वेत्ले कायम तीन तिच्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "मला भूक नाही." हे धडधडीत खोटं होतं. त्याला सदासर्वदा भूक असायची. सुनिव्हाला हे कळत होतं आणि ती काही बोलत नव्हती. बोलायचं म्हटलं की जीभही त्या बोटासारखीच रुसायची.

मार्चमधली शेवटची शर्यत. आभाळ स्वच्छ, हवा जराशी वाहती, वारा दाखवणारे छोटे झेंडे मधूनच हलतायत. मावशी दुर्बीण लावून कठड्यामागे उभी. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं की आज सुनिव्हाच्या रायफलीचा निकाल आहे, म्हणून कुणी तिच्याशी रायफलीबद्दल अक्षर बोललं नाही. अशानं तर जास्तच धास्ती बसते.

पहिल्या पाळीत व्हायचं तेच झालं. पालथं पडून पाचही, उभ्याने दोन. जोडीच्या शर्यतीत तीन जादा गोळ्या मिळतात, त्यातली एक लागली. राहिलेल्या दोन चकत्यांसाठी दोन दंडफेऱ्या मारून ती परतली आणि वेत्लेच्या पाठीला हात लावला. जादा गोळ्यांचं मावशी धरत नसे. पहिल्या पाचांतल्या चार म्हणजे चार. आता तिची एकच पाळी उरली होती.

वेत्लेनं एकही चकती सोडली नाही. नवव्यावरून चौथ्यावर आणलं त्यानं जोडीला. पाळी बदलायच्या जागी सुनिव्हा पाठ करून उभी होती, मान वळवून बघत. तो आला तो पार पिळून निघालेला, तोंडातून वाफा, भुवयांवर बर्फ. अशा वेळी माणूस कितवा नंबर तेवढं ओरडतो. त्यानं हात टेकवला आणि धापा टाकत म्हणाला,

"तुझी वेणी... सुटलीये."

ती सुटली. पहिला चढ गेला, पहिली नेमबाजी गेली, पालथं पडून पाचही लागल्या, आणि डोक्यात आपलं एकच चाललेलं. वेणी? याला श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि याला माझी वेणी दिसली? आणि दिसली ती दिसली, सांगायची काय गरज होती... म्हणजे रोज बघतो की काय? गालातल्या गालात हसत ती दुसरी फेरी उतरली. चौथी आली म्हणून चौथ्या लेनच्या चटईवर उभी राहिली, रायफल खांद्याला लावली. रोज बघत असेल तर मग मला कसं कधी कळलं नाही? एक पांढरी. बघतो आणि बोलत नाही, आणि म्हणे बडबड्या. दोन. तीन. माझंही तेच आहे म्हणा. चार. पाच.

बोटानं कसली तक्रार केली नव्हती. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

रायफल पाठीवर टाकून ती निघणार, तोच शेजारच्या पाचव्या चटईवर एक मुलगी येऊन थांबली. तिनं नेम धरला, खाली घेतला, परत धरला. "माझ्या कुणी पाडल्या?" ती म्हणाली.

आणि मागून मावशीचा आवाज आला, नेहमीचाच, न चढलेला. "सुनिव्हा. तुझ्या सगळ्या काळ्याच आहेत."

सुनिव्हानं समोर बघितलं. चौथ्या लेनवर पाच काळ्या चकत्या जशाच्या तशा. पाचव्या लेनवर पाच पांढऱ्या. आयुष्यात पहिल्यांदा उभ्याने पाचच्या पाच, आणि त्या दुसरीच्या. नियमाप्रमाणे तिच्या नावावर शून्य. आता मात्र भीती धावत आली, इतका वेळ कुठे होती कोण जाणे. गुडघे, थरथर, रुसलेलं बोट, सगळं घेऊन आली. तीन जादा गोळ्यांत एक लागली. चार दंडफेऱ्या. कठड्यापलीकडे लोक हसत होते, वाईट मनानं नव्हे, पण हसत होते. ती फेरीत गोल गोल फिरत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं आलं असं स्वतःलाच सांगत राहिली.

जोडी अकरावी आली. वेत्लेनं शेवटची पाळी संपवली, आणि तिच्या शेजारी बर्फात पसरला. उठल्यावर तिच्यासाठी काळ्या बेरींचं गरम सरबत आणायला वाफलच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तीही मागोमाग गेली. दुसरीकडे कुठे जाणार.

तिथेच मावशी आली. रायफलीची रिकामी पेटी हातात घेऊन.

"पहिल्या पाच," मावशी म्हणाली. "कशा मारल्यास?"

"त्या धरणार नाहीस ना? दुसऱ्या लेनवर होत्या."

"ते मला दिसतं. लेन चुकणं एका दिवसात दुरुस्त होतं. मी बोटाबद्दल विचारतेय. पाच वेळा चाललं आणि लगेच बंद पडलं. काय केलंस?"

"वारा पडला होता त्या वेळी."

"वारा होता. झेंडे मी बघत होते."

"मग श्वास... श्वास नीट होता."

"सुनिव्हा." मावशीनं पेटी खाली ठेवली. "नुसता योगायोग असेल, तर रायफल आत्ता क्लबच्या त्या लहान मुलीला देते, तिनं वाट बघितलीये. पण तुला हे परत करता येणार असेल, तर द्यायचा प्रश्नच नाही. म्हणून खरं सांग. डोक्यात काय होतं?"

रांग पुढे सरकली नव्हती. वेत्ले दोन हातांवर होता, त्याच्या पाठीवरून कळत होतं की तो ऐकतोय. क्लबमधली निम्मी माणसं ऐकत होती. सुनिव्हाला वाटलं, पायाखालचा बर्फ दुभंगून आत घेईल तर बरं. खोटं बोलावं तर रायफल जाते. खरं बोलावं तर... मेलं, काय जाईल ते जाईल.

"वेत्ले होता," ती म्हणाली.

"वेत्ले?"

"डोक्यात. तो म्हणाला वेणी सुटलीये. मग मी त्याचाच विचार करत होते, सगळा वेळ. तो मला आवडतो. म्हणून घाबरायचं राहून गेलं."

मावशीनं भाचीकडे बघितलं, मग त्या लाल टोपीकडे. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"म्हणजे परत करता येईल," ती म्हणाली. पेटी उचलून तिनं सुनिव्हाच्या हातात दिली. "पुढच्या वेळी आधी लेनचा आकडा बघ. मग हवा त्याचा विचार कर. त्या मुलीसाठी मी दुसरी बंदूक शोधते." आणि ती निघून गेली.

सुनिव्हा पेटी छातीशी धरून उभी राहिली. रायफल तिची होती. आणि आता ते पोरगं वळणार होतं, आणि मग काय व्हायचं ते होणार होतं.

वेत्ले वळला. सरबताचा पेला हातात कलंडत चाललेला, त्याचं भान नाही.

"खरं तर मला वेणीचं सांगायचंच नव्हतं," तो म्हणाला, इतका हळू की तिला पुढे वाकावं लागलं. "दुसरंच सांगायचं होतं. अख्खी फेरी घोकत होतो. जवळ आलो आणि... वेणीच दिसली."

"मग काय सांगायचं होतं?"

तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. तिला ऐकू आलं. अगदी नीट ऐकू आलं, टाचेपासून शेंडीपर्यंत. तरी ती म्हणाली, "जोरात."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मी काय खोलीचं दार लावून बोलले?"

मग बर्गेनच्या त्या पोरानं मान वर केली आणि वाफलच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की सुनिव्हा आपल्याला आवडते, पहिल्या दिवसापासून आवडते, आणि भूक नसते असं आपण उगाच म्हणत होतो.

रांगेत मागे उभे असलेले एक आजोबा खाकरले. "कळलं रे बाबा," ते म्हणाले. "आता जरा पुढे सरका दोघं."

दोघं पुढे सरकली. सुनिव्हाच्या एका हातात पेटी होती, दुसरा मोकळा होता, आणि तो वेत्लेनं धरला.