कॉफीत पडलेला नवरा

“मादम्वाझेल, तुमचा नवरा माझ्या कॉफीत पडलाय.”

ओक्ताव माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. खोटं वाटत असेल तर पॅरिसमधल्या त्या कॅफेच्या वेटरला विचारा. तो वारलाय, पण माझीच बाजू घेईल.

संत कातरीनचा दिवस, पंचवीस नोव्हेंबर. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. टोप्या करणाऱ्या आम्हा पोरींमध्ये जिला पंचविशी गाठूनही नवरा गाठता आला नाही, तिच्या डोक्यावर त्या दिवशी हिरवी-पिवळी टोपी चढायची आणि तिची वरात शहरभर फिरायची. रस्त्यात जो तो म्हणणार, “मिळेल हो, मिळेल!” त्या वर्षी तो मान माझा. मैत्रिणींनी टोपी इतकी उंच केली होती, की दुसऱ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्यानं खिडकीतून तिला पाणी घातलं... कुंडी समजून. शेंड्यावर फेल्टचा, म्हणजे टोप्यांच्या जाड लोकरी कापडाचा, नवरदेव. काळा कोट, मिशा, सगळं. भुरभुर पावसानं गोंद सुटला आणि वरात कॅफेसमोरून जाताना नवरदेव थेट बाहेर बसलेल्या ओक्तावच्या कपात.

मी हात पुढे केला. “द्या इकडे.”

“हवाय?” चष्म्यावरचे थेंब पुसत तो हसला. “की मैत्रिणींनी चिकटवला म्हणून वागवताय? माझी कॉफी गेली, हा मला राहू दे.”

टोपीचा हिरवा रंग ओघळून माझ्या गालावर आला होता. टिपावा की नाही, अशा विचारात त्याचा हात हवेतच राहिला... मीच गाल जरा पुढे केला. थंडीचे दिवस होते, म्हणून.

तो तत्त्वज्ञान शिकत होता. दोनशे पानं लिहून झाली होती: माणूस साच्यातून येत नाही, आपण कोण ते त्यानं स्वतःच ठरवायचं असतं.

“फेल्टचंही तेच,” मी म्हटलं. “आधी नुसता गोळा. वाफ द्यायची, हातानं ओढायचं, मग टोपी होते.”

“माझी दोनशे पानं फुकट घालवलीत तुम्ही!” तो म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की... जाऊ दे. म्हातारीनं सगळंच सांगू नये.

हिवाळाभर आम्ही एकाच मफलरमध्ये फिरलो. तुम्हीचं तू झालं. वसंतात, नदीकाठच्या बाकावर तो एकदम म्हणाला, “सोलांज, लग्न करू या. तुझ्याशिवाय मी कुणीच नाही. माझं सुख म्हणजे तू.”

“आणि ती दोनशे पानं?”

“ती परीक्षेसाठी गं!”

मी हसले, पण अडचण होती. जूनमध्ये मला माझं दुकान काढायचं होतं. पाटीवर माझं नाव. आणि तेव्हाच्या कायद्यात घराचा प्रमुख नवरा. त्यानं नको म्हटलं की बायकोचं काम बंद.

“मी कशाला नको म्हणेन?”

“तू म्हणणार नाहीस रे. पण म्हणू शकशील ना! तुझ्या चांगुलपणावर चालणारं दुकान मला नको.”

“म्हणजे तुझं प्रेमच नाही माझ्यावर.”

“आहे. भरपूर आहे. पण तुझं सुख मी शिवून देणार नाही, ओक्ताव. ती टोपी ज्याची त्यानं करायची.”

“मग मी दुःखी होणार.”

“हो खुशाल. फक्त ते माझ्या नावावर टाकू नकोस.”

तो गेला. मफलरही घेऊन गेला, मेला. आठवडाभर मी टोप्यांच्या वाफेत रडले. वाफेत कुणाला कळत नाही. जूनमध्ये मीच शिडीवर चढून पाटी लावली. त्या संध्याकाळी रिकाम्या दुकानात एकटीनं लोणी-पाव आणि मुळे खाल्ले, आणि इतकी खूश होते, की माझ्यापुढे रस्त्यावरचा दिवा लाजून उशिरा लागला.

पुन्हा पंचवीस नोव्हेंबर. सव्विसाव्या वर्षी ती टोपी कोण घालतं? मी घातली. स्वतः केलेली, हातभर जास्त उंच, शेंडा रिकामा.

“अगं, लाज कशी वाटत नाही?” शेजारीण म्हणाली.

“होती एक. मापात बसेना.”

त्याच कॅफेत कोपऱ्यात एक हिरवी-पिवळी टोपी दिसली. पुठ्ठ्याची, वाकडी, शिलाई तर बघवत नव्हती. खाली ओक्ताव. सगळा कॅफे हसत होता.

“हे काय ध्यान!” मी म्हटलं.

“मीही बिनलग्नाचा आहे. ठरवून.” त्यानं खुर्ची सरकवली. “सोलांज, तीन आठवडे झाले, मी तुझ्याशिवाय मजेत आहे. अंडी उकडतो, शीळ घालतो. आधी घाबरलोच! मग वाटलं, एवढी मोठी बातमी पहिली कुणाला सांगावी? तर... तुलाच.”

पाऊस नव्हता, तरी माझ्या गालावरून काहीतरी ओघळलं. या वेळी त्याचा हात हवेत राहिला नाही.

लग्न आम्ही केलं नाही. त्याची खोली रस्त्यापलीकडे. रोज पाचला दार वाजवतो, “येऊ?” कधी मी म्हणते, “आज नको.” मग शीळ घालत निघून जातो, लबाड. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच खिडकीतून हाक मारते.

फेल्टचा नवरदेव त्यानं जपून ठेवला होता. आता तो माझ्या दुकानाच्या काचेत उभा असतो, कोटावर कॉफीचा डाग. गिऱ्हाईकं विचारतात, “हा कोण?”

“माझा नवरा. ऐन तारुण्यात कॉफीत पडून बुडाला, बिचारा.”

आणि आतून ओक्ताव ओरडतो, “पडला नव्हता! त्यानं उडी मारली होती – स्वतःच्या मर्जीनं!”