दोन-दोन गोळ्या

नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर अख्ख्या शहराचा नकाशा होता आणि त्यावर रजतनगर लालभडक झालं होतं. औषधांच्या उडत्या पेट्या पुन्हा तिकडेच निघाल्या. इरावती हळबेला किळस आली. रजतनगरातली तिची मैत्रीण सकाळीच सांगत होती, घरात कुणी शिंकलंसुद्धा नाही, पण फ्रिज रोधकाने भरलाय.

"रोधक ताप यायच्या आधी घ्यायचं. ताप चढल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही," संचालक पाठारे पाहुण्या सचिवांना समजावत होते. "म्हणून औषधदुकानं आपल्याला जोडून घेतली. तापाच्या दहा गोळ्यांचं एक पाकीट विकलं की एक रुग्ण. रुग्ण वाढायला लागले की त्या भागाला रोधक."

"आणि कापडवस्ती?" इरावतीने विचारलं. "तिथे माझ्या भावाचं औषधदुकान आहे. घरोघरी ताप आहे म्हणतो."

"आकडे तसं म्हणत नाहीत," पाठारे म्हणाले आणि समोसा चटणीत बुडवला.

तिने तडक भावाला, दिगंबरला फोन लावला.

"अगं ताई, इथं अख्खं पाकीट कोण घेतंय? कात्रीनं दोन-दोन गोळ्या कापून देतो, बाबा द्यायचे तशाच. पाकीट संपलं की एकदा नोंद करतो."

म्हणजे पाच घरं तापाने फणफणली, तरी यंत्राला रुग्ण एकच. रजतनगरात मात्र एकेक घर पाच-पाच पाकिटं साठवत होतं. यंत्र आजार नव्हे, ऐपत मोजत होतं. त्याच दुकानामागच्या खोलीत वाढूनही आपल्याला हे सुचू नये, याची तिला शिसारी आली.

"दिगू, गोळ्या नेलेल्या प्रत्येक घराची वेगळी नोंद टाक. आत्ताच्या आत्ता."

"मनूला मिळेल ना गं रोधक? पोरीला अजून काही झालेलं नाही."

"मिळेल. मी आहे ना."

नोंदी येऊ लागल्या. कापडवस्ती लाल झाली, गडद झाली, आणि मग काळी. पेट्या त्या दिशेने उडाल्या.

"काळी का झाली?" सचिवांनी विचारलं.

"साथ हाताबाहेर गेली की तिथे रोधक पाठवणं म्हणजे नासाडी. मग भोवतालच्या वस्त्या वाचवायच्या," पाठारे हात पुसत म्हणाले. "हा नियम हळबेबाईंचाच. उत्तम नियम आहे."

नियम खरोखरच बरोबर होता. इरावतीने तो पूर्ण विचार करून लिहिला होता.

फोनवर दिगंबरचा आवाज आनंदाने फुटत होता. "ताई, आल्या गं पेट्या! मनू गच्चीवरून हात हलवतेय बघ!"

फोनमधून पेट्यांची घरघर जवळ आली आणि पुढे सरकली.

"ताई, या खाली का उतरत नाहीयेत?"