मागच्या सीटवरचा दिवा

यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. गरजच पडली नाही.

तुओवी माझ्या समोरच्या घरात राहते. मध्ये फक्त रस्ता. हे सगळं तिने मला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं. भर दिवसा. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून, आवाज जराही न चढवता.

आणि शेवटचं जे आहे ते मी स्वतः पाहिलंय. आजही पाहते.

गाव पुओलांका. फिनलंडच्या वरच्या अंगाला, जंगलात. चार हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. तारीख एकोणीस डिसेंबर.

रात्र नव्हती. दुपारचे दोन वाजायचे होते. पण आमच्याकडे डिसेंबरात दोनच्या सुमाराला दिवस संपतो.

तुओवी हार्कोनेन तेव्हा छप्पन वर्षांची. बावीस वर्षं टॅक्सी चालवत होती. आमच्यासारख्या गावात टॅक्सी म्हणजे चैन नव्हे. म्हातारी माणसं, आजारी माणसं, कायानीच्या रुग्णालयात न्यायची आणि परत आणायची. एका बाजूला जवळजवळ नव्वद किलोमीटर.

तिच्या नेहमीच्या माणसांत एक होते ओइवा हेइकुरा. एक्याऐंशी वर्षांचे. मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागे. दुपारी साडेबाराला ती त्यांच्या अंगणात गाडी लावायची. ते मागे, उजवीकडे बसायचे, कारण तिथे पाय लांब करता येई. बोलणं फार नाही. कधीतरी तळ्यावर पकडलेले मासे वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे आणि म्हणायचे, "पोरी, हे तुझ्या तव्यासाठी."

त्या दोघांचं छान जमायचं. दोघंही गप्प.

अठरा नोव्हेंबरला, शुक्रवारी, तिने नेहमीसारखी रुग्णालयाच्या दारात गाडी लावली. मागचं दार उघडलं. म्हणाली, "चला काका, आलं."

ओइवाकाका हलले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. झोपेतच. क्षणात. बहुतेक गाडी निघाल्यावर थोड्याच वेळात. तिला काही करता आलं नसतं.

सगळ्यांनी तिला तेच सांगितलं. मीही सांगितलं. ती प्रत्येकाला "हो" म्हणाली.

रडली नाही. दफनाला गेली, तिथे सूप प्यायली, कॉफी प्यायली, सगळ्यांशी हात मिळवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीवर. मला म्हणाली, दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसं मला सगळीकडे झालंय. चावलं तरी कळणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती रौनोच्या गॅरेजमध्ये गेली. रौनो सेप्पानेन तिचा शाळासोबती. गाड्यांच्या विजेची कामं करतो आणि जिभेला हाड नाही. ती म्हणाली, गाडीतले आतले दिवे सगळे बदल. पिवळे नकोत, नवे पांढरे एलईडी बसव. प्रत्येक सीटवर एक. म्हाताऱ्यांना पट्टासुद्धा सापडत नाही.

"बावीस वर्षं माणसं अंधारात बसवलीस," रौनो म्हणाला, "आणि आता एकदम नाचाचा मांडव?"

"बसवतोस की दुसरीकडे जाऊ?"

"दुसरीकडे म्हणजे कुठे? शंभर किलोमीटरमध्ये मीच एक येडा आहे."

त्याने चार दिवे बसवले. प्रत्येकाला स्वतःचं बटण. दाबलं की टक्... आणि लख्ख उजेड.

त्याच संध्याकाळी तिने गाडी बंद केली, कुलूप लावलं, आणि घराच्या पायरीवरून सहज मागे पाहिलं.

मागचा उजवा दिवा पूर्ण विझला नव्हता. अगदी मंद... दुधाच्या थेंबाएवढा उजेड.

रौनो हसला. म्हणाला, नव्या दिव्यांचं असंच असतं. जुन्या बल्बला पोटभर वीज लागायची, हे नुसत्या वासावर जगतात. कुठूनतरी चिमूटभर वीज झिरपतेय. त्याने ती झिरपणारी वीज खाऊन टाकणारा एक बारीक तुकडा तारेला जोडला.

दोन दिवस ठीक गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. मागचा उजवा दिवा सगळा वेळ जळत राहिला होता. रौनोने दाराच्या चौकटीतलं बटण बदललं. ओल जाऊन ते अडकलं असेल, म्हणाला. दार बंद असूनही गाडीला ते उघडं वाटत असेल.

बरोबर होतं त्याचं. गाडीत प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

ओइवाकाका गेल्यावरही तुओवीची कायानीची फेरी सुटली नव्हती. तेच वार, तीच वेळ. फक्त आता ती जाताना रिकामी जायची आणि दुसऱ्या एका बाईंना रुग्णालयातून घरी आणायची.

त्या शुक्रवारी ती पाल्टामोच्या पुलावरून पुढे आली. म्हणजे निम्म्याहून जास्त रस्ता संपला होता. बाहेर करडा उजेड. गाडीत कोणी नाही.

टक्...

मागे दिवा लागला.

टक्... विझला.

तिने आरशात पाहिलं. रिकामी सीट.

टक्... पुन्हा लागला.

असं ते चालूच राहिलं. कधी लागोपाठ दोनदा. कधी पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा. शहराच्या तोंडाशी एक पेट्रोल पंप आहे, तिथे रस्ता वळतो. त्या वळणावर आवाज थांबला.

सोमवारी पुन्हा तसंच. पुलाच्या पुढे सुरू. वळणावर बंद.

बाकी दिवस, बाकी रस्त्यांवर काहीच नाही.

तिने रौनोला सांगितलं. त्याने छताचं कापड सोडवलं. अर्थिंगची तार जिथे पत्र्याला जोडतात तिथला गंज घासून काढला. पुलाच्या सांध्यावर गाडी आदळते, तार हलते, दिवा लागतो. हे कारणही बरोबरच होतं.

बुधवारी पुन्हा तेच.

मग त्याने आतल्या दिव्यांचा फ्यूजच काढून घेतला. आता चारही दिवे मेलेले. रौनोने तिच्यासमोर एकेक बटण दाबून दाखवलं.

शुक्रवारी पुलाच्या पुढे तीन दिवे मेलेलेच राहिले.

चौथा...

टक्.

शनिवारी ती गॅरेजमध्ये गेली तेव्हा रौनोने एकही टोमणा मारला नाही. त्याने तो दिवा मुळासकट काढला. बटणही काढलं. छतात नुसतं एक भोक राहिलं, आणि त्यात चिकटपट्टी गुंडाळलेली तारांची दोन टोकं. मग हात पुसत तो तिच्याकडे पाहत राहिला.

"तुओवी, तू काहीतरी सांगत नाहीयेस."

ती टायरांच्या ढिगावर बसली. आणि जे तिने पोलिसांना, डॉक्टरांना, मला, कोणालाच सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं.

मागच्या उजव्या सीटवरचा जुना दिवा सप्टेंबरपासून बंद होता. बदलू, बदलू म्हणत राहून गेला. त्या दिवशी पाल्टामोचा पूल ओलांडल्यावर तिला मागून बटणाचा आवाज आला होता. टक्. टक्. काका दिवा लावायला बघतायत असं तिला वाटलं. मागे वळूनही न पाहता ती म्हणाली होती, "काका, तो दिवा मेलाय. उगाच दाबत बसू नका."

तरी पुन्हा आवाज आला. टक्.

"मग मी रेडिओ मोठा केला," ती म्हणाली.

रौनोने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"डॉक्टर म्हणाले, निघाल्यावर लगेच गेले. मला माहीत होतं की तसं नाही. निदान पुलापर्यंत ते होते. पण मला वाटलं, दोन-तीनदा बटण दाबलं आणि संपलं. मी तेवढंच धरून बसले होते." ती थांबली. "रौनो, तो दिवा वळणापर्यंत लागतोय. पुलापासून अर्धा तास. रेडिओच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रौनोने नंतर मला सांगितलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"गाडीत दोष नाहीये," तो शेवटी म्हणाला. "सोमवारी जाऊ नकोस."

ती गेली. तो सोमवार म्हणजे एकोणीस डिसेंबर.

थंडी उणे बावीस. तिने रेडिओ लावला नव्हता. पुलाआधी तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. टायरांखाली बर्फ करकरत होता.

पूल आला. गेला.

काहीच नाही.

एक किलोमीटर... दोन...

टक्.

छतातल्या त्या भोकातून पांढरा उजेड सीटवर पडला. तिथे दिवा नव्हता. बटण नव्हतं.

तुओवीने बसथांब्याच्या कडेला गाडी घेतली. ब्रेक दाबला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पूर्ण मागे वळली.

सीट रिकामी होती.

"काय होतंय, काका?" तिने विचारलं.

टक्... अंधार. टक्... उजेड.

ती पुढे वळली आणि गाडी हाणली. त्या रस्त्यावर बावीस वर्षांत जेवढी कधी नेली नव्हती तेवढी. लाकडाचे दोन ट्रक मागे टाकले. मागून आवाज येत होता. एकदा बराच वेळ आला नाही, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "पोचतोय, काका. जागे राहा."

टक्.

पेट्रोल पंपाचं वळण आलं.

तिने श्वास रोखून धरला.

वळण मागे पडलं... आणि आवाज पुन्हा आला.

रुग्णालयाच्या तातडीच्या दाराशी तिने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. दोन परिचारिका चाकांचा पलंग घेऊन धावत आल्या. एक तरुण, एक पन्नाशीची. पेशंट कुठे आहे, त्यांनी विचारलं. तुओवीने मागचं उजवं दार उघडलं आणि बाजूला झाली.

तरुण मुलीने आत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ताई, इथे कोणी नाहीये."

मोठीने वाकून सीटवर हात ठेवला. आणि झटकन काढून घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली.

सीट तापवायची सोय त्या गाडीत मागे नव्हतीच.

तुओवीने दार लावलं आणि त्यांनी तिला आत नेलं. बसवलं, रक्तदाब पाहिला, साखर घातलेली कॉफी दिली. ती मला म्हणाली, मी वाट बघत होते. आता काहीतरी वाटेल. सुटल्यासारखं, नाहीतर रडू, नाहीतर भीती. तासभर बसले. काहीच आलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा गाडी तिथेच उभी होती. आत उजेड होता.

आता आवाज येत नव्हता. दिवा लागत-विझत नव्हता. नुसता जळत होता.

तो परत विझलाच नाही.

घरी येईपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी नाही. रौनो आला, त्याने बॅटरी काढून नेली. भोकातल्या तारा मुळापासून कापल्या. काम संपवून तो सरळ आपल्या गाडीत बसला आणि निघून गेला. कॉफीसाठीसुद्धा थांबला नाही. फिनलंडमध्ये कॉफीला नाही म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तुओवीने टॅक्सी सोडली. आता ती शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी धुते. गाडी तिच्या अंगणात उभी आहे. चार हिवाळे झाले. चाकं बसलीत, पत्रा गंजलाय. माझ्या खिडकीतून तिची मागची काच दिसते. बर्फाखाली गाडी पूर्ण बुडते तेव्हासुद्धा एका जागी बर्फ आतून उजळलेला असतो. हातभर जागा. उजवीकडे.

भंगारवाला एकदा येऊन गेला. गाडीभोवती एक फेरी मारली, आणि नंतर फोन करतो म्हणाला. केला नाही.

गेल्या आठवड्यात मी तुओवीला विचारलंच. इतकं केलंस, त्यांना वेळेत पोचवलंस, मग आता काय राहिलंय?

तिने कप खाली ठेवला.

"पोचवलं खरं," ती म्हणाली. "पण ते उतरले की नाही, ते मला माहीत नाही. मी दार उघडलं होतं. मग ते मीच लावलं."

बाहेर अंधारून आलं होतं. पावणेतीन वाजले होते. आम्ही दोघीही खिडकीकडे पाठ करून बसलो होतो.