एकविसावी ओळ

चेन्सिना बुहाजारने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या गोलच्या बरोब्बर मधोमध उभा राहून खुंटी ठोकत होता.

गोल तिथे नव्हता, ही गोष्ट वेगळी. मेलबर्नच्या पश्चिमेला जिथे शेवटची कौलं संपतात, तिथलं ते माळरान होतं. काटेरी झुडपं, काळे दगड, विजेचे मनोरे आणि स्वेटरला न जुमानणारा जुलैचा, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याचा, दक्षिण वारा. पण ‘वेस्टर्न स्टार’ सॉकर क्लबच्या माणसांना गेली सात वर्षं या माळावर स्टेडियम दिसत होतं. चेन्सिना तर शाळांच्या मैदानांवर फक्की मारायचं आपलं काम उरकलं, की दर बुधवारी इथे यायची, गाडीच्या बॉनेटवर बसून गरम चिप्स खायची आणि कुठला खांब कुठे येईल ते मनाशी ठरवायची.

“ए! बाजूला हो तिथून!” ती ओरडली. “गोलमध्ये उभा आहेस!”

त्याने मागे वळून पाहिलं. पुन्हा पुढे पाहिलं. मग खाली… आणि हातोडी घेऊन शहाण्या माणसासारखा तीन पावलं डावीकडे सरकला.

“आता?”

“आता खांबावर आदळशील.”

तो हसला. उंच, वाऱ्याने कान लाल झालेला, हातात गुलाबी फीत बांधलेल्या खुंट्यांची जुडी. कॅलम प्रॉझ त्याचं नाव. धंद्याने मोजणीदार आणि मूळचा गव्हाच्या मुलखातला, जिथे गावात माणसांपेक्षा धान्याची कोठारं जास्त.

“चार कोपरे ठोकायला पाठवलंय मला,” तो म्हणाला. “रविवारी लोकांना दाखवायला. कोण येणार आहे इथे? स्टेशन नाही, बस नाही, संडास नाही.”

“संडास आणलेत. सहा.”

“मग येतीलच,” कॅलम गंभीरपणे म्हणाला.

चेन्सिनाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. तिने चिप्सची पुडी त्याच्यापुढे धरली. रागातच.

सात वर्षांपूर्वी क्लबचं जुनं मैदान गेलं. तिथल्या लाकडी स्टँडला सगळे ‘शेड’ म्हणायचे. माल्टाहून आलेल्या गोदी कामगारांनी ते स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं, आणि क्लबच्या बिल्ल्यावर त्यांच्याकडे मासेमारी होडीच्या नाळेवर रंगवतात तो डोळा होता. शेड धोकादायक ठरलं, पाडलं गेलं. तेव्हापासून स्टारचे सामने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, उसन्या स्टेडियममध्ये. दोन आगगाड्या आणि एक बस. सात हजार यायचे तिथे अठराशे येऊ लागले, आणि तीस हजार खुर्च्यांत ते अठराशे म्हणजे रिकाम्या डब्याच्या तळाशी राहिलेले शेंगदाणे. वर्तमानपत्रांनी लिहिलं, क्लबची माणसं संपली. मग महापौरबाईंनी स्पष्टच सांगितलं: चार हजार माणसं या माळावर यायला तयार आहेत, हे रविवारी मला डोळ्यांनी दिसू द्या. नाही दिसलं, तर जागा दुसऱ्या कामाला.

“प्रेम कमी नाही झालेलं,” चेन्सिना म्हणाली. “अंतर वाढलंय, इतकंच.”

“अंतराने प्रेम कमी होतं,” कॅलम म्हणाला. “मोजणीदार आहे मी. अंतराचं मला विचार.”

“तू सॉकर बघतोस?”

“छे! आमच्याकडे खरा फुटबॉल असतो.”

“तो लांबोळका चेंडू? चार खांब? आणि नेम चुकला तरी गुण देता म्हणे!”

“बसला तर सहा, थोडक्यात चुकला तर एक.” त्याने खांदे उडवले. “प्रयत्न केला म्हणून. दयाळू खेळ आहे आमचा.”

“आमच्यात चुकला तो चुकला.”

“म्हणून तर तुमच्याकडे कोणी येत नाही.”

पैज तिथेच लागली. चार हजार आले, तर कॅलमने स्टारचा निळा-पिवळा मफलर गळ्यात घालून सगळ्यांसारखे डोळे मिटून उभं राहायचं. नाही आले, तर चेन्सिनाने त्याच्या गावी जाऊन लांबोळक्या चेंडूचा अख्खा सामना बघायचा, खिमा भरून भाजलेला, वर सॉस घातलेला ‘मीट-पाय’ खायचा, आणि “छान आहे” म्हणायचं.

“डोळे कशाला मिटायचे?” त्याने विचारलं.

“रविवारी कळेल… हरलास तर.”

गुरुवारी ती पुन्हा आली. तिचा वार नसतानाही. कॅलमने एकच थर्मास आणला होता, पण पेले दोन होते. चहा पिताना तिचं लक्ष त्याच्या गाडीच्या हौद्याकडे गेलं. गुलाबी फितींच्या शेजारी ताडपत्रीखाली पांढऱ्या फितींच्या खुंट्या. शेकड्यांनी.

“या कशाच्या?”

त्याने ताडपत्री पुढे ओढली. “सोमवारच्या.”

“सोमवारी काय आहे?”

“रविवारी माणसं नाही आली तर… तीनशे बारा घरांचे प्लॉट.”

वारा मध्येच कुठेतरी थांबल्यासारखा झाला.

“म्हणजे दोन्ही आहे तुझ्या गाडीत,” चेन्सिना म्हणाली. “आमचं बारसंही आणि तेरावंही.”

“मी खुंट्या ठोकतो, चेन्सिना. ठरवत नाही.”

“हो ना. हातोडी नेहमी असंच म्हणते.”

तिने पेला बॉनेटवर ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता. शुक्रवारी ती गेली नाही. शनिवारी घरी बसून तिने दोनदा खिडकी पुसली, तेव्हा तिचा बाप साल्वू बुहाजार चष्म्यावरून म्हणाला, “काच झिजेल, पोरी. कोण आहे तो?”

“कोणी नाही, पा.”

“मग त्या कोणी नाहीला सांग, उद्या लवकर यायला. माझी फक्कीची गाडी जड आहे.”

साल्वूने तीस वर्षं शेडसमोरच्या मैदानावर ओळी आखल्या होत्या. ती जुनी, एका चाकाची गाडी आणि चुन्याची पोती घेऊन रविवारी उजाडताच बापलेक माळावर पोहोचले. मैदानाच्या एका लांब बाजूला माणसांनी उभं राहायच्या दहाएक ओळी आखायच्या, असं चेन्सिनाने ठरवलं होतं. जास्त आखल्या आणि रिकाम्या राहिल्या, तर लाज जगाला दिसेल.

पण तिथे आधीच खुंट्या होत्या. मैदानाच्या या टोकाला वीस, शंभर मीटरवर त्या टोकाला वीस. प्रत्येकीला गुलाबी फीत. आणि त्या टोकाला दोरी धरून, चिखलात गुडघे टेकलेला कॅलम.

“चारच सांगितल्या होत्या ना?” ती ओरडली.

“हो!” तो तिकडून ओरडला. “ओळीत दोनशे माणसं! वीस ओळी! चार हजार!”

“दहाच पुरे झाल्या असत्या!”

“तू म्हणालीस ना, येतील!”

चेन्सिनाने गाडी ढकलायला सुरुवात केली. ताणलेल्या दोरीच्या कडेने चुन्याची पांढरीशुभ्र ओळ उमटू लागली, आणि शंभर मीटरवरचा माणूस पावलापावलाने मोठा होत गेला. त्याचे कान, मग हनुवटी, मग डोळे… अगदी जवळ पोहोचली तोवर तो दोरी उचलून पुढच्या खुंटीकडे गेलेला. पुन्हा वळायचं, पुन्हा लांब. अशा खेपांवर खेपा. बोलायचं ते ओरडूनच.

“चेन्सिना! गुरुवारी नेम चुकला माझा!”

“हं!”

“एक गुण मिळेल का?”

साल्वू मधोमध स्टुलावर बसून सँडविच खात होता. “दे गं एक,” तो म्हणाला. “सकाळी सकाळी घसा फोडतोय बिचारा.”

“पाऊण!” चेन्सिना ओरडली. आणि तिने मान खाली घातली, कारण चुना वाकडा पडायला लागला होता.

वीस ओळी झाल्या. अकरा वाजले. बोलावणं अकराचंच होतं.

माणसं होती एकावन्न. त्यात नगाऱ्यावाले दोन आणि सॉसेज भाजणारे चार. साल्वू तिसऱ्या ओळीत एकटाच उभा राहिला, ताठ, बाजूच्या जागेवर स्टूल ठेवून. वीस ओळींत एक म्हातारा. चेन्सिनाला वाटलं, आपण हा चुना हातांनी खरवडून काढावा. कॅलम येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. सव्वाअकरा. साडेअकरा.

“कॅलम,” ती हळूच म्हणाली, “तुझ्या गावचा मीट-पाय… बरा असतो का?”

तो लांब बघत होता. मोजणीदाराची नजर ती, तिला आधी दिसतं.

“ते काय आहे?”

माळाच्या कडेला, आभाळ जिथे टेकतं तिथे, एक बारीक निळी रेघ. आधी ती हलत नव्हती. मग थरथरली. मग रुंद झाली, आणि तिच्यात पिवळे ठिपके उमटले.

माळाला येणारा रस्ता एकच, एका गाडीपुरता. त्यावर पाच किलोमीटर गाड्या तुंबल्या होत्या. तासभर वाट बघून माणसांनी गाड्या कडेला लावल्या आणि काट्याकुट्यांतून चालायला सुरुवात केली. बायका, म्हातारे, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, चाकाची खुर्ची उचलून आणणारे चौघे. वारा त्यांचे मफलर पुढे पुढे ओढत होता. कोणी ओरडत नव्हतं, गात नव्हतं. देवळात शिरावं तशी माणसं चालत आली आणि चुन्याच्या ओळींपाशी थबकली.

क्लबने सगळ्यांना जागांचे नंबर पाठवले होते. ते एकानेही पाहिले नाहीत.

“शेडमध्ये माझ्या उजवीकडे तू होतास ना रे?”

“मी नाही, माझा भाऊ. मी त्याच्या पुढच्या ओळीत, तुझी बियर माझ्या मानेवर सांडायची.”

“मग वळ पुढे, सांडतो!”

बघता बघता माळावर शेड उभं राहिलं. लाकूड नाही, पत्रा नाही, नुसती माणसं. सात वर्षांपूर्वी जो ज्याच्या शेजारी होता, तो त्याच्या शेजारी. आणि मध्ये मध्ये मोकळ्या जागा. एका माणसाएवढ्या, कुठे दोन माणसांएवढ्या. कोणी सांगितलं नव्हतं. या सात वर्षांत जे गेले, त्यांच्या जागा लोकांनी आपसूक सोडल्या होत्या. साल्वूने शेजारचं स्टूल उचललं नाही. तिथे चेन्सिनाची आई उभी राहायची.

कॅलमने टोपी काढली. तो मोजत होता, ओठ हलत होते, आणि मध्येच ते हलायचे थांबले.

“वीस ओळी भरल्या,” तो कुजबुजला. “आणि माणसं अजून येतायत. चेन्सिना… आख!”

तिने शेवटचं पोतं गाडीत ओतलं आणि धावली. कॅलम दोरी घेऊन पुढे. एकविसावी ओळ. ती वाकून ढकलत होती, आणि तिच्या मागे, चुना पडताक्षणी, बुटांचे आवाज जागेवर येऊन थांबत होते. एक, अजून एक, अजून एक… मागे वळून बघायची तिची हिंमत होईना. ओळ संपायला मीटरभर जागा राहिली आणि गाडी खोकली. चुना संपला.

मागून दम लागलेला आवाज आला, “माझी ओळ कोणती?”

महापौरबाई. त्यांचीही गाडी रस्त्यात अडकली होती. घोट्यापर्यंत चिखल, एक बूट हातात.

“हीच, बाई. एकविसावी.”

त्या ओळीत उभ्या राहिल्या आणि पुढच्या ओळी न्याहाळू लागल्या. “त्या मोकळ्या जागा चार हजारांत धरायच्या की नाही?”

“धरा,” साल्वू तिसऱ्या ओळीतून ओरडला. “ती सगळी आली आहेत.”

“नाही धरल्या तरी पुरतात,” कॅलम म्हणाला. “मोकळ्या एकशे साठ. या ओळीत एकशे अठ्ठ्याण्णव. चार हजारांवर अडतीस.”

महापौरबाईंनी हातातला बूट पायात घातला. “उद्या बैठकीत काय बोलायचं ते कळलं मला. पांढऱ्या फितींच्या खुंट्या गाडीतच राहू देत, पोरा. गुलाबी घेऊन ये.”

चेन्सिनाने आपला मफलर काढला आणि कॅलमच्या गळ्यात घातला. गाठ मारताना तिची बोटं त्याच्या हनुवटीला लागली. चुन्याचा पांढरा ठिपका उमटला. तिने तो पुसला नाही.

“दोन जागा राहिल्यात,” तो म्हणाला. “टोकाला. चुना नसलेल्या.”

दोघं जाऊन उभे राहिले.

“आता डोळे मिट. होडी पाण्यात लोटायच्या आधी आमचे आजे असेच उभे राहायचे. नगारा वाजला की उघडायचे.”

चार हजार माणसांनी डोळे मिटले. माळावर नुसता वारा उरला. पोरंसुद्धा गप्प. कुठेतरी एक मफलर फडफडला… आणि नगाऱ्यावर एकच टोला पडला.

डोळे उघडले तशी आरोळी उठली. नसलेल्या छपराला जाऊन भिडली, नसलेल्या भिंतींवरून परत आली, आणि पायांखालचे काळे दगड तिने हलवून सोडले. सात वर्षं चेन्सिनाने हा आवाज ऐकला नव्हता. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

ती वळली. कॅलम तिच्याकडेच बघत होता.

“तू मिटलेच नव्हतेस!”

“अर्धे मिटले होते.”

“पैज होती!”

“अख्ख्या ओळीचे डोळे मिटलेले… मी असं कधी पाहिलं नव्हतं, चेन्सिना. मोजत गेलो. तुझ्यापर्यंत आलो आणि… पुढे मोजताच येईना. दहा वर्षांत पहिल्यांदा.”

वाऱ्याने मफलरचं टोक उडवून तिच्या खांद्यावर टाकलं. तिने ते तसंच राहू दिलं.

“पैज मी जिंकले,” ती म्हणाली. “पण तुझ्या गावी येईन. मीट-पाय खाईन. ‘छान आहे’ मात्र… चव बघून म्हणेन.”

“आणि हे? आत्ता बोललो ते?” त्याने तिचा चुन्याने माखलेला हात हातात घेतला. “किती गुण? एक? पाऊण?”

पुढे वीस ओळी गात होत्या. तिसऱ्या ओळीतला साल्वू मागे वळून चष्म्यावरून बघत होता आणि वळायचं नाव घेत नव्हता.

चेन्सिना टाचा उंचावून त्याच्या लाल कानाशी गेली.

“सहा,” ती म्हणाली.