एकतीसवर अडलेला ठसा

सुधारगृहात आता कुणाला वर्षांची शिक्षा नव्हती. प्रत्येकाला आकडा होता. प्रणीतचा आकडा एकतीस. तो दहाच्या खाली आला की त्याच दिवशी सुटका, मग त्याला सहा महिने लागोत की सोळा वर्षं.

ईश्वरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नऊ तास प्रवास करून नवऱ्याला भेटायला यायची. सात वर्षांत तिने एकही मुलाकात चुकवली नव्हती. या शनिवारी मात्र तिला आधी डॉ. अन्वया तगारेंच्या खोलीत नेलं.

ती खुर्चीत बसली आणि नेहमीसारखं तोंडातून गेलं, "आई गं!" लेकीच्या, ओवीच्या वेळच्या बाळंतपणापासून तिची कंबर बसता-उठता धरायची.

डॉक्टरांनी चमकून पाहिलं. "नेहमी म्हणता हे?"

"सवयच लागलीय मॅडम. हे हसतात. म्हणतात, आली माझी म्हातारी."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर एक आलेख आणला. रेषा करवतीच्या दातांसारखी होती.

"गुन्हा करताना मेंदूतल्या ज्या पेशी एकदम पेटतात, त्यांच्या जाळ्याला आम्ही ठसा म्हणतो. तो किती जोरकस आहे, ते हा आकडा सांगतो. कुठलीही आठवण जागी झाली की काही तास ती मऊ असते. मग पुन्हा घट्ट होते."

"ओल्या सिमेंटसारखी?"

"अगदी तशीच. आम्ही ती औषध देऊन, शांत खोलीत जागी करतो आणि घट्ट होऊ देत नाही. प्रसंग आठवतो, पण त्याची ओढ जाते. महिन्याभरात प्रणीतचा आकडा एकोणतीसवर येतो." त्यांनी रेषेच्या एका दातावर बोट ठेवलं. "आणि इथे परत एकतीस."

"त्या दिवशी काय होतं?"

"दुसरा शनिवार."

खडीच्या खाणीतली ती दुपार ईश्वरीला आठवली. तिला कळा सुरू झाल्या होत्या. दवाखाना गाठायला मुकादम खडीच्या टिपरची किल्ली देत नव्हता. ती "आई गं" म्हणून खाली बसली आणि प्रणीतने पहार उचलली. मुकादमाचीही दोन लेकरं होती, हे ती विसरली नव्हती.

"मी गप्प बसेन. शब्दसुद्धा काढणार नाही."

"तो त्या शब्दाची वाट बघत असतो, ईश्वरीताई. तुम्ही दारातून आत आलात की आकडा चढायला लागतो. तुमच्यासाठी हात उचलणारा ठसा आणि तुमच्यासाठी जीव तुटणारा ठसा आम्हाला वेगळे करता आलेले नाहीत. तुम्ही येणं थांबवलंत तर साधारण चौदा महिन्यांत तो सुटेल."

"मला ओळखतील ना?"

"ओळखेल. नाव, लग्न, सगळं आठवेल. तुमच्याशी चांगलाच वागेल."

"चांगला म्हणजे कसा?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जसा सगळ्यांशी वागेल तसा. या कायद्यासाठी मी नऊ वर्षं भांडले. शिक्षा माणसाला नको, ठशाला द्या, असं सांगत फिरले. जुन्या तुरुंगांत माणसं नुसती पडून असायची, ते मी पाहिलंय. ठशात अजून काय काय असतं, ते कुणी मला विचारलं नाही. मीही विचारलं नाही."

"आणि मी येत राहिले तर?"

"तर तो एकतीसवरच राहील."

ईश्वरीने पिशवीतून ओवीने काढलेलं चित्र बाहेर काढलं. घरासमोर तीन माणसं. ते पाहिलं, घडी घातली.

मुलाकातीच्या खोलीत काचेपलीकडे प्रणीत आधीच येऊन बसला होता. ती बाकावर बसली. कमरेतून कळ गेली. तिने ओठ आवळून धरले.

प्रणीत थांबला, मग जरा पुढे झुकला. "आज काही बोलली नाहीस बसताना. बरी झाली का कंबर?"

"झाली बरी. पण माझं गावातलं काम सुटलंय, मला दुसरीकडे कामाला जावं लागणार. लांब आहे. आता काही दिवस येणं जमायचं नाही."

"किती दिवस?"

"बघू."

त्याने काचेवर तळहात टेकवला. तिनेही टेकवला आणि वीस मिनिटं संपेपर्यंत काढला नाही.

चौदा महिने नाही, सोळा लागले. आकडा नऊ झाला त्या सकाळी प्रणीत दारातून बाहेर आला. ओवीला उचलून घेतलं. ईश्वरीच्या हातातली पिशवी घेतली. "फार त्रास झाला तुला," तो मनापासून म्हणाला.

एसटी यायला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर ईश्वरी हळूच बसली. न म्हणायचं ठरवलं होतं, पण निघूनच गेलं. "आई गं!"

प्रणीत ओवीला संत्रं सोलून देत होता. साल एका लांब पट्टीत, कुठेही न तुटता, निघत राहिली.